डोंगर वर आला नाही, शिवार खाली गेलं

झड लागली होती, लाइन गेलेली, आणि ओसरीवर बसल्या बसल्या भाच्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “मामा, हे पाहा. म्हणून राहिले का हा डोंगर नाही, कापलेल्या झाडाचा बुडखा आहे. राक्षसाएवढं झाड होतं म्हणे, कोणी तरी आरीनं कापून नेलं. खरं आहे का?”

चित्रातला डोंगर अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातला, डेव्हिल्स टॉवर नावाचा. आजूबाजूला मोकळं रान आणि मधोमध २६४ मीटर उंचीचा उभा दगड. अंगावर वरपासून खालपर्यंत रेघा, माथा चपटा. बुडख्यासारखा दिसतो, यात वाद नाही. हा व्हिडिओ कित्येक वर्षांपासून फिरतो आहे. त्याच्या मागोमाग ऑस्ट्रेलियातला उलुरू नावाचा लाल डोंगर येतो, मग कोणी तरी रामटेकच्या गडाचा फोटो टाकतो आणि खाली प्रश्नांची रांग लागते. सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच कोडं असतं: चहूकडे सपाट शिवार असताना हा एकटाच इथं कसा उभा?

आपल्या मनात पहिलं उत्तर येतं ते असं, की जमिनीच्या पोटातून काही तरी वर आलं असणार. वारूळ वर येतं, कोंब वर येतो, तसा डोंगरही. बहुतेक एकट्या डोंगरांच्या बाबतीत हे उत्तर नेमकं उलटं आहे. डोंगर आहे तिथंच होता. भोवतालचं खाली गेलं.

वळचणीखालचा डोंगर

भाच्याला मी तिथल्या तिथं दाखवलं. आमच्या जुन्या घरावर अजून कवेलू आहेत, पाणी धरायला पन्हाळ नाही. पागोळ्या सरळ रेषेत खाली पडतात आणि तिथं मातीत एक नाली पडते. त्या नालीत नीट वाकून पाहिलं की बोटभर उंचीचे मातीचे खांब दिसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक खडा असतो. कुठं चिंचोक्याएवढी गारगोटी, कुठं फुटक्या कवेलूची खापरी. एका खांबाच्या डोक्यावर तर सदऱ्याचं बटण होतं.

खड्यानं आपल्या खालची माती झाकली, उघडी माती थेंबाथेंबानं वाहून गेली. झड लागायच्या आधी ती सगळी जमीन एकाच पातळीत होती. म्हणजे खांबाचा माथा ही कालची जमीन आहे, आणि खांबाची उंची म्हणजे काल इथून किती माती गेली त्याचं माप.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. धुऱ्यावरचा जुना पळस पाहा. त्याच्या मुळ्या हातभर उघड्या पडलेल्या असतात आणि झाड चबुतऱ्यावर बसवल्यासारखं दिसतं. पळस काही वर सरकला नाही. पिढ्यानपिढ्या वखरलेलं वावर दर पावसाळ्यात थोडं थोडं खाली गेलं, आणि मुळ्यांनी धरून ठेवलेली माती तेवढी राहिली.

अशा एकट्या डोंगराला भूगोलाच्या पुस्तकात इन्सेलबर्ग म्हणतात. शब्द जर्मन, अर्थ ‘बेट-डोंगर’. पूर्व आफ्रिकेत अशा टेकड्या पाहून विल्हेल्म बोर्नहार्ट या जर्मन भूशास्त्रज्ञानं १९००च्या सुमारास तो रूढ केला. शब्द बरा आहे. श्रावणात धानाच्या बांध्या पाण्यानं भरल्या की नगरधनच्या बाजूनं रामटेकचा गड खरोखर बेटासारखाच दिसतो. पण आपण इथं ‘एकांडी टेकडी’ म्हणू.

दगड कुजतो, पण सगळा सारखा कुजत नाही

मातीचं ठीक, पण दगड कसा वाहून जाईल? विहीर खोदणाऱ्याला विचारा. वरची माती संपली की मुरूम लागतो, मग कुदळीनं खणता येणारा सडका दगड, आणि त्याच्याखाली सुरुंग मागणारा कातळ. हे तिन्ही मुळात एकच. कातळ कुजून सडका दगड होतो, तो कुजून मुरूम, आणि मुरमाची माती. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, फटीतून आत शिरतं आणि दगडातली खनिजं पोखरतं. झाडांच्या मुळ्या फटी रुंद करतात. वैशाखातलं ऊन आणि मृगाचा पहिला पाऊस दगडाला ताणतात, आकसवतात. दगड असा जागच्या जागी कुजण्याला शास्त्रात अपक्षय म्हणतात. एकदा माती झाली की तिला न्यायला नाला असतोच.

यात दोन गोष्टींनी फरक पडतो. पहिली म्हणजे दगड कशाचा आहे. गारगोटी जवळजवळ कुजतच नाही. म्हणून तर नदीच्या रेतीत शेवटी तीच उरते. दुसरी म्हणजे दगडाला फटी किती. फट हे पाण्याचं दार. दारं कमी तर पाणी आत कमी शिरणार आणि दगड जास्त टिकणार.

उलुरूचं उदाहरण घ्या. तो भोवतालच्या मैदानापासून ३४८ मीटर उंच आहे आणि पायथ्यानं त्याला फेरी मारायची तर ९ किलोमीटरहून थोडं जास्त चालावं लागतं. दगड म्हणाल तर जुन्या पर्वतांवरून पुरात वाहून आलेल्या भरड रेतीचा, साधारण ५५ कोटी वर्षांपूर्वी साचलेला वालुकाश्म. पुढं जमिनीच्या हालचालींत त्याचे आडवे थर कलत कलत जवळजवळ उभे झाले. एवढा मोठा दगड, पण मोठ्या भेगा फारच थोड्या. भोवतालचं कुजून गेलं आणि हा उरला. आपण पाहतो ती त्या उभ्या थरांची वर राहिलेली कड आहे. थर खाली जमिनीत तसेच गेलेले आहेत.

रामटेकचा गड कशाचा?

नागपूरहून एसटीनं रामटेकला जाताना आपण एक सीमा ओलांडतो, पण तिथं पाटी नाही. नागपूर शहरातली सीताबर्डीची टेकडी काळ्या लाव्हाच्या दगडाची. रामटेकचे दगड वेगळेच. दीड तासाच्या प्रवासात साडेसहा कोटी वर्षांवरून शंभर कोटी वर्षांच्या घरात जाता येतं, तेही साध्या तिकिटात.

रामटेक, मनसर, कांद्री या पट्ट्यातल्या खडकांना भूशास्त्रज्ञ सौसर गट म्हणतात. नाव छिंदवाड्याकडच्या सौसरवरून पडलं. फार फार पूर्वी समुद्राच्या तळाशी रेती, चिखल आणि चुना यांचे थर साचले. ते खोल गाडले गेले, दाबले, भाजले आणि पार बदलून गेले. रेतीचा गारगोटीचा कणखर खडक झाला, चिखलातून चकचकीत अभ्रकाचे पापुद्रे आले. याच गठ्ठ्यात मँगेनीज आहे, म्हणून मनसर-कांद्रीला खाणी आहेत.

एवढ्यावर भागलं नाही. हे थर दोन्ही बाजूंनी रेटले गेले. गोधडीच्या दोन कडा धरून मधे ढकला, तिला जशा वळ्या पडतात तशा या दगडांना पडल्या. आता कल्पना करा, त्या गोधडीत एक पदर जाड सतरंजीचा आहे, बाकी जुन्या लुगड्यांचे. वरून सुरी फिरवून सगळं सपाट तासलं, मग कित्येक वर्षं पावसात ठेवलं, तर लुगडी कुजतील आणि सतरंजीच्या पट्ट्या वळणं घेत वर उरतील. सौसर खडकांच्या टेकड्या अशाच आहेत: कणखर पदराच्या जागी धार, मऊ पदराच्या जागी सखल भाग, आणि त्या सखल भागात गावं, धान आणि रामटेकचे जुने पानमळे. डोंगराच्या कुशीत अंबाळा तलाव असा काही बसला आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो कोणी मुद्दाम जागा कोरून ठेवला असं वाटतं.

तसं पाहिलं तर रामटेकचा गड पूर्ण एकांडा नाही. मनसरच्या बाजूला त्याच्या जातीच्या आणखी टेकड्या आहेत. दक्षिणेकडून पाहणाऱ्याला मात्र तो एकटाच वाटतो, आणि जुन्या काळी राजधानी त्याच बाजूला होती. त्याकडे पुढं येऊ.

वऱ्हाडातल्या टेकड्यांची डोकी सपाट का?

यवतमाळ, वाशिम, बुलडाण्याच्या वाचकाला वरचं वर्णन परकं वाटेल. तिकडची एकटी टेकडी टेबलासारखी दिसते, माथा सपाट आणि उतारावर पायऱ्या. कारण दगड वेगळा आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर चढले. आज उरलेला त्याचा पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे, त्यावरून तो आला.

प्रत्येक थरात कठीण काळा पाषाण असतो आणि बुडबुड्यांनी पोखरलेला मांजऱ्या दगड असतो. मांजऱ्या आधी झिजतो, काळा पाषाण कड धरून राहतो. म्हणून पायऱ्या दिसतात. गाविलगड आणि नरनाळ्यासारख्या किल्ल्यांना निसर्गानंच अर्धी तटबंदी करून दिली ती यामुळे.

इथं एक पुरावा आपल्याला घरबसल्या तपासता येतो. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी शेजारशेजारच्या दोन-तीन सपाट टेकड्या नजरेच्या एका रेषेत धरा. माथे बहुतेक एका उंचीला येतात. नीट पाहिलं तर एकीवरची काळी पट्टी दुसरीवरही त्याच पातळीत सापडते. प्रत्येक टेकडी आपापली वर आली असती तर एवढी जुळवाजुळव कशी झाली असती? थालीपीठांच्या चवडीतून मधला घास कोणी खाल्ला तर दोन्हीकडच्या थरांवरून ओळखू येतंच.

पण त्या रेघा? ते तर झाडच वाटते!

भाचा इथं अडून बसला. त्याचं म्हणणं असं, की दगडाला इतक्या सरळ, इतक्या सारख्या रेघा कशा येतील?

उन्हाळ्यात काळ्या वावरात जाऊन पाहा, म्हटलं. एप्रिल-मेमध्ये काळी माती सुकते, आकसते आणि तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून पाहिलं तर पाच-सहा कोनांचे तुकडे दिसतात. लाव्हाचंही तसंच. माती सुकून आकसते, लाव्हा थंड होऊन आकसतो. वरच्या पृष्ठभागावर कोनाकोनांच्या भेगा पडतात आणि थंडावा जसजसा आत उतरतो तसतशा त्या खोल जातात. शेवटी उरतात पाच-सहा बाजूंचे उंच खांब, पेन्सिलींची जुडी उभी करून ठेवावी तसे.

डेव्हिल्स टॉवर हा जमिनीखाली थिजलेल्या तप्त रसाचा गोळा आहे, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा. भोवतालचे मऊ थर नंतर धुऊन गेले आणि तो उघडा पडला. त्याच्या पायथ्याशी तुटून पडलेल्या खांबांचा खच आहे. असे खांब पाहायला इतकं लांब जायची गरज नाही. मुंबईत अंधेरीला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल उभी आहे, साधारण ६० मीटर उंच. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबला-पारडी भागातही असेच दगडी खांब आढळले आहेत. कोणाला ते जुन्या देवळाचे वाटले तर नवल नाही, इतके ते घडवल्यासारखे दिसतात.

आणि दगड झालेलं खरं झाड पाहायचं असेल तर गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातल्या वडधमला जा. तिथं लाकडाचे जीवाश्म आहेत. लाकूड दगड झालं तरी आपली खूण सोडत नाही. त्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पेशी दिसतात, वाढीची वलयं दिसतात. डेव्हिल्स टॉवरच्या दगडात पेशी नाहीत, तप्त रसातून गोठलेल्या खनिजांचे स्फटिक आहेत. विषय तिथं संपतो. व्हिडिओ करणारा तेवढंच दाखवायचं सोडतो.

मग एकही डोंगर वर येत नाही?

येतो की. ज्वालामुखीचे शंकू खरोखर रचत रचत वर येतात. अंदमानातलं बॅरन बेट हे आपल्या देशातलं जितंजागतं उदाहरण. हिमालयही उचलला गेला. पण उचलणी होते ती मोठ्या पट्ट्याची. खाटेखाली हात घालून उचललं तर अख्खी खाट वर येते; मधली एकच सुतळी वर येत नाही. सपाट शिवारात एकच टेकडी, तीही उभ्या बाजूंची, असं दिसलं की आधी झीज आठवावी.

आणखी एक अपवाद आमच्या शेजारचाच आहे. मनसरला हिडिंबा टेकडी आहे. लोक तिला टेकडीच समजत आले होते. तिथं उत्खनन झालं तेव्हा झाडोऱ्याखालून विटांचं प्रचंड बांधकाम निघालं, वाकाटक राजांच्या काळातलं. तेव्हा “ही टेकडी माणसानं रचली असेल का?” हा प्रश्न विचारणाऱ्याला मी हसत नाही. फक्त विटा दाखव म्हणतो.

दगड जुना म्हणजे डोंगर जुना का?

इथं वर्तमानपत्रंसुद्धा घोळ घालतात. “शंभर कोटी वर्षांचा डोंगर” असा मथळा येतो. दगड शंभर कोटी वर्षांचा असेल, डोंगर नाही. आजीच्या पाटल्या मोडून गेल्या वर्षी पोत केली, तर सोनं आजीच्या काळचं आणि पोत गेल्या वर्षीची. दगड कधी थिजला किंवा भाजला हे एक वय. त्याला आजचा आकार कधी आला हे दुसरं. दुसरं वय बहुतेक वेळा खूपच कमी असतं, आणि तो आकार अजून पूर्ण झालेलाही नाही. आजच्या पावसानंही त्यात थोडा फेर केला आहे.

एवढं सगळं गेलं कुठं?

हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो हिशेब मागतो. शेकडो मीटर जाडीची जमीन गेली म्हणता, मग ती आहे कुठं?

हिशेबापुरतं धरू, की हजार वर्षांत एक सेंटीमीटर जमीन झिजते. माणसाच्या अख्ख्या आयुष्यात नखाच्या जाडीएवढी. कोणाच्या लक्षात येणार नाही. पण ६.६ कोटी वर्षांत तेच ६६० मीटर होतात. शेजारचा कणखर दगड निम्म्या वेगानं झिजला तर तो ३३० मीटर उंच उरेल, म्हणजे जवळपास उलुरूएवढा. माझे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. खरा वेग जागोजागी आणि काळाकाळानं बदलतो. मुद्दा एवढाच, की यासाठी प्रलय लागत नाही, फुरसत लागते.

आणि गेलेली माती? रामटेकच्या भागातलं पाणी कन्हान, सूर अशा नद्यांनी वैनगंगेला जातं. वैनगंगेला पुढं वर्धा मिळते, तिथून ती प्राणहिता होते, आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. गोदावरीच्या मुखाशी आंध्रात केवढा मोठा त्रिभुज प्रदेश आहे! तिथल्या भातखाचरांत आपल्याकडचे डोंगर पसरलेले आहेत. अकोला-अमरावतीकडची माती पूर्णेतून तापीला आणि पश्चिमेच्या समुद्राला गेली. पूर आलेल्या वैनगंगेचं एक तांब्याभर पाणी घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी जो गाळ दिसेल, तो उद्याच्या डोंगराची उंची आहे.

मग नरसिंहाची गोष्ट खोटी?

रामटेकच्या डोंगराचं एक जुनं नाव सिंदूरगिरी. इथला ताजा फोडलेला दगड उन्हात तांबूस झळकतो. गोष्ट अशी सांगतात, की नरसिंहानं हिरण्यकशिपूला फाडलं तेव्हा उडालेल्या रक्तानं डोंगर लाल झाला. दगडाला लाली येते ती सहसा लोहाच्या गंजामुळे. उलुरूचंही तसंच: आतून तो राखाडी आहे, बाहेरून गंजून लाल. आता गंमत पाहा, रक्तही लाल असतं ते लोहामुळेच. गोष्ट रचणाऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्याचे डोळे पक्के होते. दगड फोडून, उन्हात धरून पाहिल्याशिवाय ही गोष्ट सुचतच नाही.

दुसरी गोष्ट नावाची. राक्षसांचा नाश करीन अशी टेक, म्हणजे प्रतिज्ञा, रामानं इथं केली म्हणून रामटेक. जवळच अगस्त्यांचा आश्रम होता असंही सांगतात. मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात शापित यक्ष रामगिरीच्या आश्रमांत राहतो. तो रामगिरी म्हणजे रामटेक असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. छत्तीसगडातल्या सरगुजाकडचा रामगढ म्हणजेच रामगिरी असं मानणारेही आहेत. मी रामटेककर, त्यामुळे माझं मत विचारू नका.

डोंगराचा इतिहास मात्र गोष्टींवर अवलंबून नाही. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे आजचं नगरधन, रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता या घराण्यात दिलेली. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा ताम्रपट सापडला. त्यात ते दान रामगिरिस्वामीच्या पायांपाशी बसून दिल्याचा उल्लेख आहे. गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही देवळं त्याच काळातली, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. महानुभाव पंथाचं भोगराम मंदिर इथं आहे, जैनांचं शांतिनाथाचं मंदिर पायथ्याशी आहे, आणि रामाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी केला. एवढे सगळे याच डोंगरावर का आले? राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहिलं की सपाट शिवारात नजर एकाच जागी जाऊन थांबायची. झिजून उरलेल्या कणखर दगडानं पुढच्या माणसांच्या देवाची जागा ठरवली.

बाहेरही असंच आहे. उलुरू ही तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांची पवित्र जागा. दगडावरची एकेक घळ, एकेक डाग त्यांच्या पूर्वजांच्या कथांशी जोडलेला आहे. त्यात कुनिया नावाची अजगरीण आणि लिरू हे विषारी साप यांची लढाई आहे. १८७३ साली एका गोऱ्या सर्वेक्षकानं त्याला एका अधिकाऱ्याचं नाव दिलं. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ती जमीन अनंगूंना परत मिळाली, आणि २०१९ साली त्याच तारखेपासून वर चढणं बंद झालं. तिथून गुपचूप खिशात घातलेले दगड लोक नंतर पश्चात्तापानं टपालानं परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी.

डेव्हिल्स टॉवरची, अमेरिकेतल्या मूळ रहिवासी कायोवा लोकांची गोष्ट तर आपल्या घरात येऊन पोचते. सात मुली खेळत होत्या, अस्वलं मागे लागली. मुली एका खडकावर चढल्या आणि त्याची विनवणी केली. खडक उंच उंच होत गेला. अस्वलांनी नख्या मारल्या, त्याच या उभ्या रेघा. मुली आभाळात गेल्या आणि तारका झाल्या. त्या तारका म्हणजे आपल्या कृत्तिका. इकडे गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांध तलावाभोवतीच्या टेकड्यांना सातबहिणी म्हणतात, आणि कोलू पाटील कोहळीला तलाव बांधायला त्या सात जणींनी हात लावला असं सांगतात. तलाव बांधणारा कोलू पाटील आता कोलासूर देव झाला आहे, आणि त्याचं ठाणं त्याच टेकड्यांपैकी एकीवर आहे. वायोमिंग आणि नवेगाव यांच्यात अर्धी पृथ्वी आहे. तरी एकट्या दगडाकडे पाहून दोन्हीकडे सात बहिणीच का आठवाव्यात, याला माझ्याकडे भूशास्त्राचं उत्तर नाही.

रेघा कशा पडल्या हे लाव्हा सांगतो. रेघा पाहून माणसाला काय वाटलं हे अस्वल सांगतं. दोन्ही उत्तरं एकाच कप्प्यात कोंबली की भांडण लागतं. माझी तक्रार गोष्टींबद्दल नाही, बुडख्याच्या व्हिडिओबद्दल आहे, कारण तो गोष्ट असून पुराव्याचं सोंग घेतो.

आपल्या विहिरीशी याचा काय संबंध?

बराच आहे. पूर्व विदर्भातले जुने कणखर खडक पोटात पाणी फारसं धरत नाहीत. मग पाणी वरच अडवावं लागलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव आहेत ते उगाच नाहीत. तलावाला पाळ बांधायची तर दोन्ही टोकं कशात तरी रोवावी लागतात, आणि दोन टेकड्यांमधली फट ही त्यासाठी आयती जागा. कोहळी समाजातल्या लोकांनी ती बरोबर हेरली. म्हणजे धानाचा हा सगळा मुलूख एका अर्थी न झिजलेल्या दगडांच्या आधारानं उभा आहे. पश्चिमेकडे ट्रॅपच्या मांजऱ्या थरांत आणि फटींत पाणी मुरतं, म्हणून तिकडे विहिरीचा हिशेब वेगळा.

टेकडीच्या पायथ्याला पडझडीचा दगड-रेतीचा उतार असतो. गावकरी त्याला बरड म्हणून सोडून देतात. पण डोंगरावरून धावत आलेलं पाणी तिथंच मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. तो उतार मुरमासाठी खणला की विहिरीचं पाणी दोन वर्षांनी का उतरलं याचा शोध सुरू होतो, आणि दोष पावसाला लागतो.

राहिला शेवटचा प्रश्न, हा डोंगर किती दिवस राहणार. झीज त्यालाही सोडणार नाही, पण वरच्या हिशेबानं माणसाला त्याची काळजी करायचं कारण नाही. गिट्टीचं क्रशर मात्र दुसऱ्या हिशेबानं चालतं. हजार वर्षांत सेंटीमीटर हा पावसाचा दर. पोकलेनला तेवढ्यासाठी चहा पिण्याइतका वेळ पुरतो. रस्त्याला गिट्टी लागते हे मलाही कळतं. कोणता दगड फोडायचा आणि कोणता ठेवायचा, एवढंच विचारायचं असतं, आणि ते सुरुंग लागायच्या आधी.

संध्याकाळी झड थांबली. भाचा वळचणीखाली पालथा पडून, मोबाइल चिखलाला टेकवून त्या बटणवाल्या खांबाचा फोटो काढत होता. खालून काढल्यामुळे तो चांगला उंच दिसत होता, मागे आभाळ. त्यानं तो तसाच ग्रुपवर टाकला, एक शब्दही न लिहिता. दहा मिनिटांत तिघांनी विचारलं, “कुठला डोंगर हाय हा?”